सोल्डर पॉटपासून ईपीआर प्रमाणपत्रापर्यंत: आमच्या छोट्या कारखान्याचं एक वर्ष

भोसरी एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे. वडिलांच्या काळापासून आम्ही दुसऱ्यांसाठी पीसीबी असेंब्लीचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या बोर्डांवर सुटे भाग जोडण्याचं, जॉबवर्क करत आलो. 2021 च्या दसऱ्याला भावाने आणि मी स्वतःच्या नावाचा होम यूपीएस बाजारात आणला. उत्पादन भाऊ बघतो. पर्चेस, क्वालिटी आणि कागदपत्रं माझ्याकडे. ई-कचरा नियमांची नोंदणी, घातक द्रव्यांची तपासणी आणि पहिल्या वर्षाचं रिसायकलिंगचं उद्दिष्ट हे सगळं आता एकदा पार पडलं आहे. हे करत असताना मराठीत कुणी लिहिलेलं काही वाचायला मिळालं असतं तर फार बरं झालं असतं, असं सतत वाटायचं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात मे 2024 मध्ये झाली. एका नागरी सहकारी बँकेच्या शाखांसाठी यूपीएसची निविदा निघाली होती आणि अटींमध्ये ‘ईपीआर नोंदणी आवश्यक’ असं लिहिलेलं होतं. ईपीआर म्हणजे उत्पादकाची विस्तारित जबाबदारी: वस्तू विकली म्हणजे संपलं असं नाही, ती निकामी झाल्यावर तिच्या वजनाच्या ठरावीक हिश्श्याचं रिसायकलिंग आपण करवून घ्यायचं. तोवर आम्हाला याची गरज पडली नव्हती, कारण सूक्ष्म उद्योगांना या नियमांतून सूट आहे आणि आम्ही सूक्ष्म होतो. पण जॉबवर्क आणि यूपीएस मिळून उलाढाल पाच कोटींच्या पुढे गेली आणि उद्यम प्रमाणपत्रावर (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) ‘सूक्ष्म’च्या जागी ‘लघु’ आलं. सीएंनी अभिनंदन केलं. त्या एका शब्दाबरोबर काय काय लागू होतं, ते नंतर कळत गेलं.

पहिला आठवडा मी फक्त नियम वाचले, आणि हाच माझा पहिला सल्ला. सल्लागाराला फोन लावण्याआधी मूळ राजपत्र एकदा डोळ्यांखालून घाला. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम 2022 हे 2 नोव्हेंबर 2022 ला अधिसूचित झाले आणि 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. 2016 च्या नियमांत वस्तूंची यादी 21 ची होती, ती आता 106 वर गेली आहे. यूपीएस आणि इन्व्हर्टर त्या यादीत आहेत. नोंदणी चार प्रकारच्या लोकांना लागते: मॅन्युफॅक्चरर, प्रोड्युसर, रिफर्बिशर आणि रिसायकलर. बोलताना आपण पहिल्या दोघांनाही ‘उत्पादक’च म्हणतो, पण कायद्याच्या दृष्टीने ते वेगळे आहेत. वस्तू बनवणारा तो मॅन्युफॅक्चरर. स्वतःच्या ब्रँडखाली विकणारा, मग ती दुसऱ्याकडून बनवून घेतलेली किंवा आयात केलेली का असेना, तो प्रोड्युसर. रिसायकलिंगचं उद्दिष्ट प्रोड्युसरवर असतं. मॅन्युफॅक्चररने आपल्या उत्पादनात निघणारा ई-कचरा गोळा करून नोंदणीकृत रिसायकलरकडेच द्यायचा असतो. आम्ही दोन्ही होतो, म्हणून दोन स्वतंत्र नोंदण्या. जे फक्त जॉबवर्क करतात त्यांनी हे आधी नीट तपासावं, कारण दोन्ही भूमिकांची कामं आणि खर्च यांत बराच फरक आहे.

सल्लागारांचे दर विचारले तेव्हा पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत आकडे आले. एकाने तर घातक द्रव्यांच्या नियमाबद्दल, ‘रोहसचं डिक्लरेशन मी टाईप करून देतो, तुम्ही फक्त सही-शिक्का करा’ असं सांगितलं. ते मला अजिबात पटलं नाही. सही माझी जाणार होती आणि पेटीच्या आत काय आहे हे मला तोवर खरोखर माहीत नव्हतं. नोंदणीच्या सरकारी पोर्टलच्या कामापुरता एक शांत, कमी बोलणारा माणूस घेतला आणि घातक द्रव्यांचं काम स्वतःकडे ठेवलं.

रोहस म्हणजे घातक द्रव्यांवरची मर्यादा. भारतात सहा द्रव्यं आहेत: शिसं, पारा, कॅडमियम, हेक्झाव्हॅलंट क्रोमियम आणि ज्वालारोधक म्हणून प्लास्टिकमध्ये घालतात ती पीबीबी व पीबीडीई ही ब्रोमीनची संयुगं. कॅडमियमची मर्यादा वजनाच्या 0.01 टक्का, बाकी पाचांची 0.1 टक्का. आता यातली खरी मेख: ही मर्यादा पूर्ण यूपीएसच्या वजनावर मोजत नाहीत, प्रत्येक एकजिनसी पदार्थावर मोजतात. साधी वायर घेतली तर आतलं तांबं वेगळं, त्यावरचा कथलाचा मुलामा वेगळा, वरचं पीव्हीसी वेगळं. नऊ किलोच्या यूपीएसमध्ये एका स्क्रूवरचा मुलामा नापास झाला, तर यूपीएस नापास. हे समजल्यावर मी दोन दिवस अक्षरशः बसून राहिले होते. आमच्या बिल ऑफ मटेरियलमध्ये, म्हणजे यूपीएसच्या सुट्या भागांच्या यादीत, दोनशेच्या वर ओळी होत्या.

जूनमध्ये त्या ओळींची एक्सेल शीट केली. प्रत्येक पार्टसमोर पदार्थ कोणते, पुरवठादार कोण, त्याच्याकडे चाचणी अहवाल आहे का, अहवालाची तारीख काय, आणि धोका किती. हा शेवटचा रकाना फार उपयोगी पडला. नामांकित कंपन्यांचे आयसी, कपॅसिटर, मॉस्फेट यांचे अहवाल त्यांच्या संकेतस्थळांवरून एका दुपारीत उतरवता आले, कारण युरोपात हे नियम 1 जुलै 2006 पासून आहेत आणि जगभर माल विकणाऱ्यांनी ते केव्हाच पाळले आहेत. अडचण होती ती आपल्या आसपासच्या मालाची. वायर, स्लीव्ह, केबल टाय, पत्र्याची बॉडी, पावडर कोटिंग, स्क्रू, ट्रान्सफॉर्मरचं बॉबिन, वॉर्निश, आणि अर्थात सोल्डर, म्हणजे बोर्डावरचे भाग जोडायचा वितळवलेला मिश्रधातू.

काही पुरवठादारांनी कोऱ्या लेटरहेडवर ‘आमचा माल रोहस आहे’ एवढं एक वाक्य लिहून पाठवलं. त्यांच्यावर मी चिडले नाही, कारण त्यांना आजवर कुणी दुसरं काही विचारलंच नव्हतं. मग मी एक पानाचा मराठी तक्ता केला: कुठली द्रव्यं, किती मर्यादा, कुठल्या पदार्थाचा अहवाल हवा, तो एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा हवा, आणि दोन वर्षांपेक्षा जुना नको. शेवटची अट नियमातली नाही, आमची आहे. इंग्रजी ईमेलला उत्तर न देणारी माणसं हा तक्ता घेऊन स्वतः भेटायला आली.

प्लेटिंगवाल्या भाऊंचं उदाहरण सांगते. आमचे स्क्रू आणि ब्रॅकेट पिवळ्या झिंक प्लेटिंगचे होते. तो पिवळा, थोडा इंद्रधनुषी रंग पारंपरिक पद्धतीत हेक्झाव्हॅलंट क्रोमियमच्या पॅसिव्हेशनमुळे, म्हणजे झिंकवरच्या संरक्षक रासायनिक थरामुळे येतो. हे क्रोमियम कर्करोगकारक आहे, आणि त्याचा सर्वात जास्त त्रास ग्राहकाला नाही, तर टाकीजवळ उभं राहणाऱ्या कामगाराला होतो. मी त्यांना त्याऐवजी ट्रायव्हॅलंट, म्हणजे मर्यादेच्या यादीत नसलेल्या क्रोमियमचं, पॅसिव्हेशन करा म्हटलं तर ते म्हणाले, “ताई, पिवळं नको म्हणताय, मग पावसाळ्यात गंज धरला तर मला बोलायचं नाही.” त्यांची शंका रास्तच होती. आम्ही दोन्ही प्रकारच्या तुकड्यांची गंज तपासायची मीठ-फवारा चाचणी करून घेतली. ट्रायव्हॅलंटवर सीलर दिल्यावर आमच्या कामापुरतं ते टिकलं. नगामागे थोडे पैसे वाढले. एक लक्षात ठेवा, नुसत्या रंगावरून काहीच ठरवू नका. ट्रायव्हॅलंटमध्येही रंग घालून पिवळं करता येतं.

चाचण्यांचं असं. आधी एक्सआरएफ यंत्राने, म्हणजे क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणाऱ्या यंत्राने, छाननी करतात. नमुना फोडायचा नाही, काही मिनिटांत आकडे येतात आणि खर्च नमुन्यामागे एक-दोन हजारांच्या घरात येतो. पण हे यंत्र एकूण क्रोमियम दाखवतं, त्यातलं हेक्झाव्हॅलंट किती ते सांगत नाही. एकूण ब्रोमीन दाखवतं, ते पीबीडीईचं की दुसऱ्या कुठल्या चालणाऱ्या संयुगाचं ते सांगत नाही. तिथे रासायनिक चाचणी करावी लागते आणि ती बरीच महाग असते. म्हणून सगळं सरसकट रासायनिक चाचणीला पाठवू नका. धोक्याच्या रकान्यातले पार्ट आधी एक्सआरएफखाली घ्या, आणि जे शंकास्पद निघतील तेवढेच पुढे पाठवा. आमचा चाचण्यांचा एकूण खर्च सव्वा लाखाच्या आसपास गेला. सगळं पाठवलं असतं तर त्याच्या कितीतरी पट गेला असता.

छाननीत दोन गोष्टी निघाल्या. एका काळ्या पीव्हीसी स्लीव्हमध्ये शिसं मर्यादेच्या बरंच वर होतं. पीव्हीसी उष्णतेने खराब होऊ नये म्हणून स्वस्त मालात शिशाचे क्षार घालतात, त्याचा हा परिणाम. तो पुरवठादार बदलला. दुसरं, बॅटरीच्या पितळी टर्मिनलमध्ये शिसं दिसलं आणि आमच्या क्वालिटीच्या मुलीने तो लॉटच बाजूला काढून ठेवला. पण तांब्याच्या मिश्रधातूत 4 टक्क्यांपर्यंत शिशाला सूट आहे, आणि आमचं टर्मिनल त्याच्या आत होतं. चिप रेझिस्टरच्या काचेतलं शिसं, पॉवर सेमीकंडक्टरच्या आतलं 85 टक्क्यांहून जास्त शिशाचं सोल्डर, रिलेच्या संपर्कबिंदूंतलं कॅडमियम यांनाही परिशिष्टात सूट दिलेली आहे. सूट घेतली तर कुठल्या पार्टला कुठली, ते शीटमध्ये लिहून ठेवा. सहा महिन्यांनी कुणी विचारलं की आठवत नाही.

आता सोल्डर. ज्यांनी आयुष्यभर 63-37 वर काम केलं आहे त्यांना मी काय म्हणते ते समजेल. कथील-शिशाचं ते मिश्रण 183 अंशांना वितळतं, सुंदर वाहतं आणि जोड आरशासारखा चमकतो. शिसेविरहित कथील-तांब्याचं सोल्डर 227 अंशांना वितळतं. वेव्हचं (वितळलेल्या सोल्डरची लाट, जिच्यावरून बोर्ड जातो) तापमान वाढवावं लागतं, फ्लक्स (जोडाची जागा साफ करणारं रसायन) बदलावा लागतो, आणि जास्त कथील असलेलं सोल्डर साध्या स्टेनलेसच्या पॉटला, म्हणजे सोल्डर वितळवायच्या भांड्याला, हळूहळू खात जातं, म्हणून पॉटही वेगळा लागतो. जुन्या पॉटमध्येच नवं सोल्डर ओतायचा विचार कुणी करत असेल तर करू नका. कडेला राहिलेल्या शिशाने पूर्ण पॉट मर्यादेबाहेर जाऊ शकतो. आम्ही दिवाळीची सुट्टी धरून बदल केला. लाइन तशीही बंद असते. पॉट, सोल्डर, फ्लक्स आणि सोल्डरिंग स्टेशन मिळून सहा-सात लाख गेले, आणि पूर्ण प्रवासातला हाच सगळ्यात मोठा खर्च होता. जुनं सोल्डर पुरवठादाराने वजनावर परत घेतलं, त्यात थोडे सुटले.

दिवाळीनंतरचा पहिला आठवडा फार जड गेला. पंधरा-वीस वर्षं हाताने जोड देणाऱ्या आमच्या ताया एकामागून एक बोर्ड रिजेक्ट करत होत्या, कारण शिसेविरहित जोड मुळातच मंद, दाणेदार दिसतो, आणि त्यांचा डोळा चमक शोधत होता. चांगला जोड कसा दिसतो याचे मोठे फोटो छापून प्रत्येक टेबलावर लावले, काही जोड कापून सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना दाखवले. सगळ्यात ज्येष्ठ असलेल्या मावशींनी कापलेला जोड बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, “आत भरलाय नीट. मग वरून कसा का दिसेना.” त्यानंतर रिजेक्शन झपाट्याने खाली आलं. यंत्र बदलायला चार दिवस लागतात, नजर बदलायला जास्त. तेवढा वेळ योजनेत धरूनच ठेवा. दुरुस्तीच्या टेबलावर अजून जुन्या मालासाठी शिशाचं सोल्डर लागत असेल तर त्याची टिप, वायर, स्पंज सगळं वेगळं ठेवा आणि टेबलाला वेगळा रंग द्या.

नोव्हेंबरमध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ई-कचरा पोर्टलवर अर्ज भरला. लागलेली कागदपत्रं: जीएसटी, पॅन, उद्यम प्रमाणपत्र, राज्य मंडळाचं संमतीपत्र, अधिकृत व्यक्तीचं पत्र व ओळखपत्र, रोहसचं स्वयंघोषणापत्र, आणि वर्षवार, वस्तूच्या कोडनुसार विक्रीचं वजन. इथे नग चालत नाहीत, वजन लागतं. आमच्याकडे नगांचा हिशोब चोख होता, वजनाचा नव्हता. प्रत्येक मॉडेल बॅटरी आणि खोका सोडून काट्यावर ठेवलं, त्याची नोंद करून त्यावर सही घेतली आणि तो कागदही जपून ठेवला. हे आकडे जीएसटी विवरणपत्रांशी जुळलेच पाहिजेत. बॅटरीचे नियम वेगळे आहेत, 2022 चेच. आमचा डीलर बॅटरी दुसऱ्या ब्रँडची देतो म्हणून ती नोंदणी आम्हाला लागली नाही. स्वतःच्या नावाने बॅटरी विकत असाल तर तो वेगळा अर्ज आहे.

अर्ज एकदा परत आला. एका ठिकाणी पत्ता संमतीपत्रात ‘प्लॉट’ असा आणि जीएसटीत ‘गाळा’ असा होता. दुरुस्त करून पाठवला आणि वाट बघितली. पोर्टलवर रोज सकाळी लॉगिन करून बघायची इतकी सवय लागली की घरचे विचारायला लागले, आज तरी आलं का? जानेवारी 2025 मध्ये दोन्ही नोंदण्या मिळाल्या. बँकेची ती निविदा तोवर दुसऱ्याला गेली होती. वाईट वाटलं.

मग उद्दिष्ट. जुन्या कंपन्यांसाठी ते वस्तूच्या सरासरी आयुष्याइतक्या वर्षांपूर्वीच्या विक्रीवर मोजतात: 2023-24 आणि 2024-25 साठी 60 टक्के, पुढची दोन वर्षं 70, त्यानंतर 80. ज्यांची विक्री नुकती सुरू झाली आहे त्यांना वेगळं गणित आहे. 2024-25 साठी आम्हाला 2022-23 च्या विक्रीच्या 20 टक्के आले. त्या वर्षी साधारण साडेबावीस टन यूपीएस विकले होते, म्हणजे साडेचार टन.

हे साडेचार टन आपण स्वतः दारोदार गोळा करायचे नसतात. नोंदणीकृत रिसायकलर ई-कचऱ्यातून सोनं, तांबं, अॅल्युमिनियम आणि लोखंड काढतो, त्यावर पोर्टल प्रमाणपत्रं तयार करतं आणि ती आपण विकत घेतो. दराबद्दल त्या काळात बरीच चर्चा होती. सरकारने ग्राहकोपयोगी उपकरणांसाठी किलोमागे 22 रुपये किमान दर ठरवला आणि काही मोठ्या कंपन्या त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. मोठ्यांचं गणित मला माहीत नाही, पण आमचं सांगते: जीएसटी धरून लाखाच्या थोडं वर. त्या वर्षी विकलेल्या नगांवर वाटलं तर यूपीएसमागे पन्नास रुपयेसुद्धा येत नाहीत. एवढे पैसे वाचवायला कुणी जुने बोर्ड धातूसाठी उघड्यावर जाळू द्यावेत हे मला पटत नाही.

प्रमाणपत्रं घेण्याआधी मी रिसायकलरचा कारखाना बघायला गेले. पोर्टलच्या यादीत नाव आहे हे पुरेसं वाटलं नाही. तिथे श्रेडर, चुंबकीय विभाजक, धूळ ओढणारी यंत्रणा हे सगळं चालू होतं, कामगारांच्या तोंडाला मास्क होते, आणि आलेल्या मालाची चलनं विचारल्यावर फायली समोर आल्या. निघण्याआधी वीजबिल दाखवाल का असंही विचारलं; मोठी यंत्रं खरंच चालतात की नाही ते बिलावरून कळतं. त्यांनी हसून दाखवलं. दुसऱ्या एका ठिकाणी भाव कमी होता, पण भेट द्यायला कायम ‘पुढच्या आठवड्यात या’. तिथून घेतली नाहीत.

आमच्याच शेडमधल्या कचऱ्याचं बोलणं अधिक अवघड होतं. रिजेक्ट बोर्ड, तारांचे तुकडे, निकामी ट्रान्सफॉर्मर वर्षानुवर्षं एक भंगारवाले काका नेत असत. सचोटीचा माणूस, वडिलांचा स्नेही. पण पुढे तो माल कुठे जातो आणि तारेवरचं पीव्हीसी कसं काढतात ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी त्यांना चहाला बोलावून नियम समजावून सांगितला. पुठ्ठा, पत्रा, लाकडी पॅलेट अजूनही तेच नेतात. बोर्ड आणि तारा आता कुलपाच्या खोलीत जमा होतात आणि चलनासह रिसायकलरकडे जातात. हा साठा 180 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, म्हणून पोत्यावर तारीख लिहितो.

आणि मग 1 एप्रिल 2025 ला सूक्ष्म उद्योगाची मर्यादा बदलली. उलाढालीची 5 कोटींवरून 10 कोटी, गुंतवणुकीची 1 कोटीवरून अडीच कोटी. सीएंचा फोन आला, “तुम्ही परत सूक्ष्ममध्ये बसता. ई-कचऱ्याच्या सुटीचं बघायचं का?” भावाने आणि मी त्या संध्याकाळी बराच वेळ बोललो. पैसे वाचले असते. पण शिसं परत पॉटमध्ये जाणार नव्हतं, प्लेटिंगवाल्या भाऊंनी एव्हाना दुसऱ्या गिऱ्हाइकांनाही ट्रायव्हॅलंट द्यायला सुरुवात केली होती, आणि वाढलो तर दोन-तीन वर्षांत पुन्हा लघु होणारच होतो. नोंदणी चालू ठेवली. एप्रिलअखेर तिमाही आणि वार्षिक दोन्ही विवरणपत्रं भरली.

सध्या चालू आहे ते काम युरोपच्या यादीचं. तिथे 22 जुलै 2019 पासून चार थॅलेट्सही (प्लास्टिक मऊ करणारी रसायनं) मर्यादेत आहेत, म्हणजे एकूण दहा द्रव्यं. भारतात ती अजून नाहीत, पण मऊ पीव्हीसीमध्ये ती अनेकदा असतात आणि वायर तर आम्ही किलोमीटरने वापरतो. वायरवाल्यांकडून तीन रंगांचे अहवाल आलेत, पिवळा-हिरवा बाकी आहे. ज्यांना आमची बिल ऑफ मटेरियलची कोरी शीट किंवा पुरवठादारांचा तो मराठी तक्ता हवा असेल त्यांनी कळवा, पाठवते. तिमाही विवरणपत्रासाठी तिमाही संपल्यानंतरचा पूर्ण महिना मिळतो, पण शेवटच्या दोन दिवसांत पोर्टल फार मंद चालतं. वीस तारखेच्या आत भरून मोकळे व्हा.